वरच्या मुठीबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय बावन्न. शिक्षण नववीपर्यंत. धंदा अर्ज लिहिणे. राहणार नागपूर.

गैरअर्जदार क्रमांक एक : बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतला चिवड्याचा एक कारखाना.

गैरअर्जदार क्रमांक दोन : माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा टंकलेखक. राहणार कामठी, रोज बसने येणे-जाणे.

घटनेची तारीख : मूळ घटनेची देता येत नाही, कारण ती माझ्या लहानपणी दर शनिवारी घडत होती. तिच्या चोरीची देता येते. पोळ्याचा दुसरा दिवस, मारबत निघाली तो.

साक्षीदार : दोन. पहिली, चिवडा विकणारी बाई, वय ऐंशीच्या पुढे, हल्ली मुक्काम लेकीकडे, कुही. दुसरी, माझी आई. हयात नाही.

विषय : वरची मूठ.

नावे मुद्दामच दिलेली नाहीत. नाव दिले की ते गाळून देण्याची विनंती करणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभा राहतो, आणि ती विनंतीही मलाच लिहावी लागते.

आता सविस्तर हकीकत.

कचेरीच्या कुंपणाला लागून, कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. वारसाची नोंद, रेशनकार्डातली दुरुस्ती, शेजाऱ्याच्या भिंतीचे अतिक्रमण, नवऱ्याने टाकलेल्या बाईची पोटगी, अशी कोणतीही तक्रार मी शुद्ध आणि पक्क्या मराठीत मांडून देतो. काळे कोट घालणारे दोघेतिघे आपल्या अशिलांना गुपचूप माझ्याकडे पाठवतात. हे मी अभिमानाने नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो.

माझे काही नियम आहेत. कागदाच्या खाली उजवीकडे अर्जदाराची सही किंवा अंगठा. डावीकडे 'अर्ज लिहिणार' अशी अक्षरे आणि त्यापुढे माझी सही. मजकूर पूर्ण वाचून दाखवल्याखेरीज उजवी जागा मी कोणाला भरू देत नाही. खाडाखोड झाली तर खोडलेल्या ओळीशेजारी बारीक सही घेतो, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये की मागाहून खोडले. सत्तावीस वर्षे मी 'मी' हा शब्द रोज दहा-वीस वेळा लिहिला, आणि त्यातला एकही 'मी' माझा नव्हता. याचे मला कधी वाईट वाटले नाही. लोहार स्वतःसाठी नांगर करीत नाही.

माझ्या शेजारी गेल्या नऊ वर्षांपासून गैरअर्जदार क्रमांक दोन बसतो. त्याच्याकडे संगणक आहे, छापण्याचे यंत्र आहे, मोठी रंगीत छत्री आहे. भाषा नाही. 'विनंती' शब्दातली दुसरी वेलांटी त्याने आजतागायत ऱ्हस्व लिहिली. परंतु त्याचा चेहरा चांगला. गोल, तुकतुकीत, आणि हसला की समोरच्याला वाटते, आपले काम झालेच. माझा चेहरा पाहून लोकांना आपली केस कठीण आहे असे वाटते. माझ्या धंद्यात याचा मला उपयोगच झालेला आहे, तरी सांगून ठेवतो.

हकीकत चिवड्यापासून सुरू होते.

आम्ही इतवारीत एका गल्लीत भाड्याने राहत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक बाई आपल्या ओसरीवर चिवडा विकायला बसे. सगळी मुले तिला मावशी म्हणत. भाजक्या पोह्यांचा चिवडा, त्यात डाळवं, लसणाचे तळलेले तुकडे, आणि तिखट असे की खाताना नाक वाहावे. तिच्याजवळ टिनाचे एक माप होते, तुपाच्या डब्यातून कापून घेतलेले. मापाने चिवडा कागदाच्या पुड्यात ओतायची, आणि मग डब्यात हात घालून एक मूठ वरून टाकायची. तिला आम्ही 'वरची मूठ' म्हणत असू.

दर शनिवारी आई मला पैसे देऊन पाठवी. मी मावशीला म्हणे, "मावशी, मूठ पुड्यात नको, इथं टाक." आणि शर्टाचा पुढचा घोळ दोन्ही हातांनी धरून झोळी करी. ती हसे आणि मूठ माझ्या झोळीत सोडे. पुडा बगलेत मारून मी घराच्या दारापर्यंत झोळी रिकामी करीत असे. घरी माप जायचे. मूठ माझी. त्या वयात माझ्या मालकीची दुसरी कोणतीही वस्तू नव्हती. पाटी मोठ्या भावाची, चपला चुलत्याच्या मुलाच्या, गोधडी सगळ्यांची. मूठ तेवढी माझी. आणि माझी अशी पक्की समजूत होती, की इतरांना ती देते त्यापेक्षा मला देते ती मूठ मोठी आहे.

आईचे आणि मावशीचे मात्र जमले नाही. पुडा ताटात उपडा करून आई दर वेळी म्हणायची, "गोड बोलते न् माप मारते ही बाई." मला राग येई. ज्या बाईने मला वरून मूठ दिली, तिला आपली आई खोटी म्हणते, हे मला आईच्या कडू स्वभावाचेच लक्षण वाटे. वर्षा-दोन वर्षांनी आईने तिच्याकडचा चिवडा बंदच केला. रस्त्यात दिसली तर बोलायचीही नाही. पुढे आम्ही घर बदलले. मावशीच्या भाच्याने चिवड्याचे दुकान काढले, नाव झाले, आणि ते नाव त्याने काही वर्षांपूर्वी बुटीबोरीच्या कारखान्याला विकले. तेव्हापासून मावशीचा चिवडा पाकिटात मिळतो. चव पुष्कळशी तीच आहे. खोटे कशाला लिहू.

मागच्या उन्हाळ्यात कारखान्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की जुन्या ग्राहकांनी आपली आठवण लिहून मेलवर पाठवावी. निवडलेली आठवण पाकिटावर येईल, ग्राहकाच्या छायाचित्रासह.

मी दोन फुलस्केप पाने लिहिली. शाई वापरली. गल्ली, ओसरी, माप, शर्टाची झोळी, सगळे लिहिले. आईचे बोलणे लिहिले नाही. शेवटचे वाक्य असे होते : "मापाने पोट भरते, मन भरते ते वरच्या मुठीने." हे वाक्य मला एका दमात सुचले आणि लिहिल्यावर मी थोडा वेळ दुसरे काही काम घेतले नाही.

मेल करणे मला येत नाही. मी पाने शेजाऱ्याकडे दिली. त्याने ती यंत्रावर ठेवली, प्रकाशाची पट्टी त्यांच्यावरून सरकली, आणि तो म्हणाला, "गेलं गा वकीलसाहेब." मला तो वकीलसाहेब म्हणतो. आदराने नाही.

मारबतीच्या दिवशी कचेरीला सुट्टी असल्याने मी मिरवणूक पाहायला गेलो होतो. ढोल, गुलाल, बडग्यांची बुजगावणी, आणि मारबतीच्या पुतळ्यामागून लोक ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. गर्दीने मला एका किराणा दुकानाच्या पायरीवर ढकलले. दुकानात दोरीला चिवड्याची नवी पाकिटे माळेसारखी लटकत होती. प्रत्येकावर एक आवळलेली मूठ छापलेली. खाली लाल अक्षरांत : "मन भरते ते वरच्या मुठीने." आणि गोलात हसणारा चेहरा. शेजाऱ्याचा. चेहऱ्याखाली लिहिले होते, 'एक जुना ग्राहक'.

एका दोरीला बारा पाकिटे होती. बारा ठिकाणी तो हसत होता.

बाहेर लोक आपापली पीडा मारबतीबरोबर पाठवीत होते. माझ्या तोंडून निघाले, "याचं थोबाड घेऊन जा गे मारबत." शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "कोनाचं भाऊ?" मी म्हटले, "महागाईचं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर चिवड्याचे आख्खे खोके होते आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत होता.

मी म्हटले, "ही आठवण माझी आहे."

"घे ना गा, चिवडा घे आधी."

"कामठीचा माणूस तू. इतवारीची ती गल्ली तू कधी पाह्यली?"

"आता पाहून येतो. फोटोवाले म्हनत होते तिथं एक फोटो घेऊ म्हनून."

"तू त्यायले काय सांगतलं?"

"त्यायचा फोन आला. विचारलं, ही आठवण तुमचीच का? मी म्हनलो, माझ्याकडूनच आली. खोटं बोललो का? माझ्याच मेलवरून गेली."

"खाली माझी सही आहे!"

तेव्हा त्याने संगणकावर माझी पाने उघडली आणि पडदा माझ्याकडे फिरवला. खाली डावीकडे, माझ्या वळणदार अक्षरात, 'अर्ज लिहिणार' आणि माझी सही. उजवीकडे 'अर्जदार' हा शब्द, आणि त्यापुढे कोरी जागा.

मी माझ्या स्वतःच्या लहानपणाखाली लेखनिक म्हणून सही केली होती.

"अर्जदार तं कोरा आहे," तो म्हणाला. "कोऱ्या जागेवर ज्याचा अंगठा, त्याचा अर्ज. हे तूच सांगते ना लोकायले?"

होय, मीच सांगतो. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, कोरी जागा सोडू नका, असे सांगून मी कित्येकांची शेते वाचवली आहेत. टेबलाभोवतीची माणसे हसली. चहावाला सर्वांत मोठ्याने हसला. मी जागेवर येऊन एका म्हाताऱ्याचा वारसाचा अर्ज घेतला आणि त्यात त्याच्या मुलाच्या जागी त्याचेच नाव घातले. असे माझ्या हातून कधी झाले नव्हते.

त्यानंतरचे दोन महिने मी मत्सरात काढले. गोड शब्द वापरून मी ही गोष्ट झाकणार नाही. त्याला शाळेने बोलावले, मुलांना जुन्या नागपूरविषयी सांगा म्हणून. तो गेला. माझी गल्ली, माझी झोळी, माझी मावशी त्याने मुलांना सांगितली, आणि परत येऊन मला विचारले, "मावशी गोरी होती का सावळी, गा? एका पोरीनं विचारलं. मी सावळी सांगतली." ती सावळीच होती. त्याचा अंदाजही बरोबर आला याचा मला अधिक संताप झाला. बसमध्ये लोक त्याला जागा देऊ लागले. पानठेल्यावरचा मनुष्य त्याला "मूठवाले काका" म्हणे. आणि सर्वांत असह्य गोष्ट ही, की हळूहळू तो ती आठवण माझ्यापेक्षा चांगली सांगू लागला. झोळी धरण्याची तो हाताने अशी नक्कल करी की चिवडा पडल्याचा आवाज ऐकू यावा. मी ती गोष्ट सांगतो तेव्हा ती जबानीसारखी होते.

या काळात मी दर आठवड्याला ते पाकीट विकत घेत होतो. खाण्यासाठी नाही. तो चेहरा घरी नेऊन पाहण्यासाठी. बायको म्हणाली, "इतकं त्याले पाहता तं एक दिवस जेवायलेच बोलवा."

एका रविवारी कार्बनचे कागद बदलताना माझ्या लक्षात आले, की ते मी ज्या पाकिटात ठेवतो ते त्याच कारखान्याचे जुने पाकीट आहे, मूठ आणि चेहरा येण्यापूर्वीचे. मी नवे पाकीट त्याच्याशेजारी ठेवले. उंची तीच. रुंदी तीच. परंतु नव्या पाकिटाची खालची शिवण आत, बोटभर वर सरकलेली होती. मागे बारीक अक्षरांत वजन छापलेले होते. जुन्यावर दोनशे ग्रॅम. नव्यावर एकशे सत्तर.

मी घरातला काटा काढला आणि चिवड्याची एक मूठ तोलली. माझी मूठ मोठी नाही. काटा तिसाच्या जवळ थांबला.

म्हणजे ज्या दिवशी त्यांनी पाकिटावर मूठ छापली, त्याच दिवशी पाकिटातून मूठ काढून घेतली. आणि हे मला कशामुळे समजले? ग्राहकाच्या जागरूकतेमुळे नव्हे. शेजाऱ्याचा चेहरा पाहून पाहून सहन होईनासा झाला की मी पाकीट उलटे ठेवत होतो, आणि उलटे ठेवले म्हणून मागची अक्षरे दिसली. मत्सराची नजर बारीक असते.

आता माझ्या हातात केस होती. मी वजनमापे पाहणाऱ्या कार्यालयात गेलो. तिथल्या तरुण बाबूने पाकीट फिरवून फिरवून पाहिले आणि सभ्यपणे म्हणाला, "काका, एकशे सत्तर छापलं आहे. आत तितकं भरतं का?"

"भरते."

"मग तक्रार काय?"

"मुठीची. वर मूठ म्हणते, आत मूठ नाही."

"मूठ हे माप कायद्यात नाही, काका."

त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. तो कागदाप्रमाणे बोलला, आणि कागदाप्रमाणे बोलणाऱ्याचा मी आदर करतो. परंतु बाहेर आल्यावर माझ्या मनात आले : ज्या गोष्टीला कायद्यात माप नाही, ती विकून तिच्या आडून मापातली गोष्ट काढून घेणे, याला काय म्हणावे? वजन कमी केले हे त्यांनी छापले, पण अशा जागी छापले की जिथे पाहण्यासाठी आधी मनुष्याचा मत्सर जागा व्हावा लागतो. आणि मूठ छापली ती अशा जागी, जिथे पाहताच माणसाला आपली ओसरी आठवावी आणि त्याने मागची बाजू पाहूच नये. आठवण हीच त्यांची झाकण्याची वस्तू आहे. माझी आठवण.

तेव्हा एकच मार्ग उरला. मूळ साक्षीदार. मावशीने एकदा म्हणावे, की झोळी धरणारा मुलगा हा आहे, तो नाही. त्यावर मी तिचा अंगठा घेणार होतो. तिचे लेखी म्हणणे मी आधीच तयार करून खिशात ठेवले होते. खाली उजवी जागा कोरी.

कुहीला गेलो तेव्हा धान कापून झाले होते. मावशीचे घर शोधायला त्रास पडला नाही. लेक पन्नाशीची, अंगण सारवत होती. "माय, नागपूरचे भाऊ आले वं," तिने आत आवाज दिला. मावशी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. फार लहान झाली होती. पण हात तसेच, रुंद, बोटे जाड. मी पाया पडलो.

"मावशी, ओळखलं का?"

"कोन होय गा बापा?"

मी गल्ली सांगितली, घर सांगितले, अर्ज लिहितो हे सांगितले, शर्टाची झोळी करून दाखवली. माझ्या वयाच्या मनुष्याने परक्याच्या घरात शर्टाची झोळी करून उभे राहावे, हे लेकीला विचित्र वाटले असावे. मावशीचा चेहरा मात्र उजळला.

"झोळीवाला पोरगा! आठवते ना. पुड्यात नको म्हने, इथं टाक म्हने."

मी खिशात हात घातला.

तेवढ्यात तिने खाटेखाली वाकून चिवड्याचे पाकीट काढले. कारखाना दर दिवाळीला तिच्याकडे खोके पाठवतो. तिने त्या गोलावर बोट ठेवले. "हा काय. हाच तो पोरगा. किती मोठा झाला पाह्य. लई गोड हासे."

"मावशी, तो मी होतो."

तिने माझ्याकडे पाहिले. पुन्हा पाकिटाकडे पाहिले. मग मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "तूबी येत असशील गा. पन हा असा हासे, म्हनून ध्यानात रायला."

दिवाळीपासून ती ते पाकीट रोज पाहत होती. तिच्या डोळ्यांतली जागा कोरी होती, आणि तिथे त्याचा चेहरा छापला गेला होता. माझी हयात असलेली एकमेव साक्षीदार माझ्या समोर बसून विरुद्ध पक्षाकडून बोलत होती. मी ते लेखी म्हणणे खिशातच चुरगाळले.

मला तिथून उठायला हवे होते. परंतु मत्सर मनुष्याला उठू देत नाही. मी विचारले, "बरं, त्याची मूठ असो की माझी असो. त्या पोराले तू इतरांपेक्षा मोठी मूठ देत होती ना?"

"मोठी काहून देईन? हात तं माझा एकच होता."

"पन वरून देत होती. मापाच्या वर."

यावर ती हसली. दात नव्हते, तरी हसणे खट्याळ होते. "वरून कायची गा? माप माझं कमी होतं."

लेक म्हणाली, "माय, काय बोलतं?"

"खरं बोलून राहिली. त्या टिनाचं बूड आत गेलं होतं. नवऱ्यानं एकदा रागात आपटलं. तेवढं कमीच बसे त्याच्यात. मंग मी मूठ टाको. मूठ टाकली का माप पुरं."

"मंग नवं माप काहून नाही घेतलं?"

"घेतलं होतं. आठ दिवस चालवलं. पुरं भरून देल्लं तं कोनी हासेच ना. तोंड पाडून घेऊन जात. जुनं काढलं, कमी मोजलं, वरून मूठ टाकली, का लेकरं खुश, बाया खुश. तेवढाच चिवडा, पन हासून नेत. लोकायले पुरं नाही पाह्यजे गा. वरचं पाह्यजे. पन देल्लं मी पुरंच. एक दाना कोनाचा खाल्ला नाही."

मग तिने ते न फोडलेले पाकीट तळहातावर घेतले, दोन वेळा वर-खाली केले, आणि एखाद्या सराफासारखी मान हलवली. "याच्यात मूठ नाही."

"तीच तं माझी तक्रार आहे, मावशी."

"मंग लिही ना. तू अर्ज लिहितं म्हनते ना?" आणि पाकिटावरच्या गोलाकडे पाहून म्हणाली, "याले सांग. याची ओळख दिसते तिथं."

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. उमरेड रस्त्याला लागेपर्यंत मी कारखान्याविरुद्धचे मुद्दे मनात जुळवत होतो. तिने बूड आत गेलेल्या मापाचे जितके कमी पडे तितके मुठीने परत दिले. यांनी शिवण वर घेतली, मूठ मात्र कागदावर ठेवली. दोघांनाही ठाऊक होते की माणसाला वरचे आवडते. एकीने त्या आवडीचा उपयोग देण्यासाठी केला. मुद्दा चांगला होता. मी तो वहीच्या मागच्या पानावर टिपलाही.

आणि टिपता टिपता मला आईचे ताट दिसले.

मूठ टाकली की माप पुरे. म्हणजे मूठ वरची नव्हतीच. ती पुड्यातली होती, घरची होती, आईने दिलेल्या पैशांची होती. मी ती दर शनिवारी झोळीत घेऊन दारापर्यंत संपवत होतो, आणि आईच्या ताटात बूड आत गेलेल्या मापाचा चिवडा पडत होता. ती म्हणायची, माप मारते ही बाई. ती बरोबर मोजत होती. फक्त मारणाऱ्याचे नाव तिला माहीत नव्हते. तो दारात तोंड पुसून उभा असे आणि तिच्यावर मनातल्या मनात चिडत असे. एका प्रामाणिक बाईशी तिने आयुष्यभर बोलणे सोडले, ते माझ्यामुळे. मावशीला जाऊन मी हे सांगू शकत होतो. आईला सांगण्याची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या टेबलाभोवती कॉलेजची दोन मुले उभी होती आणि तो झोळीची नक्कल करीत होता. "घरी माप जाये," तो सांगत होता, "न् मूठ आपली!" मुले हसली. त्याचा चेहरा नितळ होता. त्या गोष्टीत त्याला आई नव्हती, ताट नव्हते, कमी पडलेले काही नव्हते. माझी आठवण त्याच्याकडे जशीच्या तशी, करकरीत राहिली आहे. माझ्याकडची उघडली गेली, आणि आता मला ती कधीच तशी सांगता येणार नाही. यापूर्वी मी त्याच्या चेहऱ्याचा मत्सर करीत होतो, खोक्यांचा, बसमधल्या जागेचा. त्या सकाळी मला त्याचा जो हेवा वाटला, तसा कोणाचाही कधी वाटला नाही.

मुले गेल्यावर त्याने विचारले, "काहून वकीलसाहेब, कुहीला जाऊन आले म्हनते. ओळखलं का म्हातारीनं?"

मी म्हटले, "हो. तुलेच ओळखलं."

त्याने छत्री उगाच माझ्या बाजूला थोडी सरकवली. नंतर म्हणाला, "कागद असन तं आन, पाठवून देतो."

मग मी हा अर्ज लिहायला घेतला. यावर निकाल देऊ शकेल असे कार्यालय मला सापडलेले नाही. सबब तो कारखान्याच्या व्यवस्थापकांना, आणि त्याची नक्कल जो कोणी चिवड्याचे पाकीट हातात धरील त्या प्रत्येकास, सादर करीत आहे. मागण्या येणेप्रमाणे :

पाकिटातून काढलेली मूठ पाकिटात परत घालण्यात यावी. ते परवडत नसल्यास पाकिटावरील मूठ आणि तिच्याबद्दलचे वाक्य काढून टाकण्यात यावे, आणि वजन ज्या अक्षरांत मूठ छापली त्याच आकाराच्या अक्षरांत, चेहऱ्याच्या बाजूला छापावे. ज्या बाईने कमी मापात कोणाला कमी दिले नाही, तिची ओसरी कमी दिलेल्या मालावर वापरू नये.

याखाली आणखी एक मागणी होती, की पाकिटावरील चेहरा काढून तेथे खऱ्या ग्राहकाचा चेहरा छापावा. ती ओळ अर्जदाराने स्वतः खोडली आहे. त्या चेहऱ्याने आईच्या ताटातले काही घेतलेले नाही. तेथे माझा चेहरा आला, तर आईच्या बाजूने आणखी एक अर्ज मलाच लिहावा लागेल.

कृपया पोच द्यावी, आणि लेखी उत्तर द्यावे. उत्तर 'नाही' असले तरी चालेल, मात्र ते बारीक अक्षरांत नसावे.

मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे. खाडाखोड : एक ओळ, तिच्याशेजारी सही केली आहे. डावीकडची जागा या खेपेला कोरी ठेवली आहे.

उजवीकडे सही :
अर्जदार